खाऱ्या पाण्यातल्या माशांवरचे परजीवी: आधी ओळखायचे कसे, मग मारायचे कसे

परवा रात्री साडेअकराला हडपसरहून एका मित्राचा फोन आला. "दादा, क्लाऊनफिशच्या अंगावर पांढरं काहीतरी आलंय, कुठलं औषध टाकू?" मी म्हटलं, औषधाचं नंतर बघू, आधी मोबाईलवर टायमर लाव आणि मासा मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतोय ते मोज. तो वैतागला, "श्वास कसले मोजू, ठिपके दिसतायत ना!" पण मोजले. एकशे तीसच्या वर. म्हणजे ठिपके हा प्रश्नच नव्हता, कल्ल्यांत काहीतरी भरलं होतं आणि सकाळपर्यंत थांबायला वेळ नव्हता. दोन क्लाऊनपैकी एक वाचला.

हे सगळं लिहायला बसलो त्याला हेच कारण. पुण्यात आता मरीन टँकवाले बरेच झालेत, लाईट, स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) यावर भरभरून बोलतात, पण मासा आजारी पडला की गोड्या पाण्याचे उपाय चालवतात. हीटर तीसवर कर, मीठ टाक, निळं औषध टाक. गोड्या पाण्यातला व्हाइट स्पॉट आणि खाऱ्या पाण्यातला इच हे दोन पूर्ण वेगळे जीव आहेत, दिसायला सारखे एवढंच. मरीन टँकमध्ये तापमान वाढवून इच मरत नाही, उलट त्याचं चक्र जोरात फिरतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी होतो. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा थोडा कमीच ऑक्सिजन आपल्या पाण्यात विरघळतो.

पायरी पहिली: दहा मिनिटं नुसतं बघा

टँकच्या समोर खुर्ची टाकून बसा, हात पाण्यात घालू नका. श्वास मोजा, निवांत माशाचे साधारण मिनिटाला ऐंशीच्या आत असतात, शंभरच्या वर सतत जात असतील तर गडबड आहे. जातीनुसार फरक पडतो म्हणून मासे ठणठणीत असतानाच प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून ठेवा, आजारपणात तोच उपयोगी पडतो. मग बघा की मासा दगडाला किंवा काचेला अंग घासतोय का, डोकं झटकतोय का, एकच कल्ला बंद ठेवून दुसऱ्यानेच श्वास घेतोय का, वेव्हमेकरच्या प्रवाहात तोंड घालून उभा राहिलाय का, उजेड टाळतोय का, खातोय का. मग मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका मारून अंग बघा, समोरून नाही, कारण बारीक धूळ तिरक्या उजेडातच दिसते.

आता कोण काय ते ओळखा

मरीन इच, शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मिठाचे दाणे चिकटल्यासारखे सुटे सुटे ठिपके, मोजता येतात. परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहून खातो, मग गळून खाली पडतो, तोही बहुतेक वेळा अंधारात, वाळूवर दगडावर काचेवर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात फुटून फुटून शेकडो पिल्लं तयार होतात, ती बाहेर पडून एक-दोन दिवसांत मासा शोधतात नाहीतर मरतात. यातच सगळी फसगत आहे, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके आपोआप जातात आणि माणूस म्हणतो लसूण दिला, बरा झाला. बरा नाही झाला, परजीवी खाली जाऊन पिल्लं घालतोय, आठ-पंधरा दिवसांनी दुपटीने येणार. कवचात असताना त्याला कुठलंच औषध लागत नाही हे पक्कं डोक्यात ठेवा, पुढचे सगळे दिवसांचे हिशोब यावरूनच निघतात.

वेल्वेट, अमायलूडिनियम ओसेलाटम. हा खरा खुनी. दाणे नाहीत, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक धूळ, मोजता येत नाही, आणि पुष्कळदा धूळ दिसायच्या आधीच मासा जातो कारण तो आधी कल्ल्यांत बसतो. जोरात श्वास, प्रवाहात तोंड, उजेडाला घाबरणं, खाणं एकदम बंद, हे चारही एकत्र दिसलं तर धुळीची वाट बघू नका. धूळ दिसल्यावर एक-दोन दिवसच असतात हातात.

चार वर्षांपूर्वी सिंहगड रोडच्या घरी मी हीच चूक केली. आईने पहिल्यांदा सांगितलं, "अरे, तुझा निळा मासा पंख्यासमोर उभा राहिल्यासारखा त्या पंपासमोरच उभा आहे सकाळपासून." मी बघितलं, ठिपके समजलो, इच ठरवलं आणि मासे वेगळे काढून पाण्याचा खारटपणा कमी करायला घेतला. कमी खारट पाण्याचं वेल्वेटला काही वाटत नाही. तीन दिवसांत ब्लू टँगसकट सहा मासे गेले. मेहनत घेत होतो, जागरण करत होतो, फक्त ज्याच्याशी लढत होतो तो समोर नव्हताच. अजूनही त्या टँगचं वाईट वाटतं.

ब्रुकलिनेला, याला क्लाऊनफिशचा रोग म्हणतात कारण समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनवर फार येतो, पण इतरांनाही होतो. ठिपके नसतात, अंगावर पांढरट शेंबडासारखा थर येतो, पापुद्रे सुटल्यासारखे लोंबतात, रंग उडतो, श्वास वाढतो. याला कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, लागू पडत नाही, हे न कळल्यामुळे किती क्लाऊन गेले असतील. हॅचरीत जन्मलेले क्लाऊन शक्यतो घ्या, आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनचं प्रजनन केलेलं आहे, म्हणजे समुद्रातून ओढूनच आणला पाहिजे असं काही नाही.

युरोनेमा: क्रोमिस आणि अँथियस या माशांच्या कुशीवर लाल, भाजल्यासारखी जखम. याला जगायला माशाची गरजच नसते, टँक रिकामा ठेवून जात नाही. जखम दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं, वाचण्याची आशा कमी, हे खोटं न बोलता सांगतो.

फ्लूक म्हणजे चपटे कृमी, त्यातला निओबेनेडेनिया जास्त भेटतो. हे जवळजवळ पारदर्शक, म्हणून दिसत नाहीत. मासा अंग घासतो, डोळा धुरकट होतो, जांभई दिल्यासारखं करतो, महिनाभर असंच चालतं. यलो टँगवर मिरीपूड शिंतडल्यासारखे काळे ठिपके असतील तर तो ब्लॅक इच, नावात इच असलं तरी तोही चपटा कृमीच.

आणि एक परजीवी नसलेला रोग सांगतो, म्हणजे लोक ज्याला परजीवी समजतात तो: परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ. ते लिम्फोसिस्टिस, विषाणूचं काम. पाणी आणि खाणं चांगलं ठेवलं की बहुतेक वेळा आपोआप जातं, त्यासाठी कॉपर टाकून मासा दमवू नका.

शाळेतला साधा मायक्रोस्कोप असेल तर फार उत्तम. अंगावरून काचेच्या पट्टीने अलगद थोडा चिकटा घ्या, एक थेंब टँकचंच पाणी, वर कव्हर स्लिप. गोल गोल हळू फिरणारा, केसाळ कडेचा तो इच. न हलणारा गडद तपकिरी अंडाकृती तो वेल्वेट. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, सरपटल्यासारखा फिरणारा तो ब्रुकलिनेला. आणि पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे, स्थिर बघताच येत नाहीत एवढे पळणारे असतील तर युरोनेमा.

पायरी दुसरी: गोड्या पाण्याची बुडी

मायक्रोस्कोप नसेल तर ही बुडी म्हणजे तपासणी आणि प्रथमोपचार दोन्ही. बादलीत आरओचं पाणी घ्या, नळाचं नको कारण महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याचा तर नेमच नाही. टँकएवढंच तापमान करा, खायचा सोडा चिमूट चिमूट टाकून पीएच टँकच्या जवळ, ८.२ च्या आसपास आणा, आणि एअर स्टोन लावून अर्धा-एक तास चालू द्या. बादली गडद रंगाची असावी. मासा पाच मिनिटं ठेवायचा, बाजूला बसून. पहिल्या मिनिटात तो तडफडतो, कधी आडवा पडतो, घाबरू नका, पण सहन होत नाहीये असं दिसलं तर लगेच काढा. फ्लूक असतील तर पांढरे पडून तिळासारखे गळून तळाला दिसतात, त्या क्षणी निदान झालं. वेल्वेट आणि ब्रुकलिनेलामध्ये कल्ल्यांतला भार थोडा हलका होतो, रात्र निघते. इचला याचा काही उपयोग नाही, तो कातडीखाली असतो.

पायरी तिसरी: वेगळा टँक

डिस्प्ले टँकमध्ये, म्हणजे मासे कायम राहतात त्या मुख्य टँकमध्ये, औषध टाकायचं नाही. कॉपरने कोरल, शिंपले, कोळंबी, गोगलगायी सगळं मरतं, शिवाय दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात त्यामुळे डोस कधी स्थिर राहत नाही. आणि बाटलीवर रीफ सेफ, म्हणजे कोरलला चालणारी, असं लिहिलेली इचची औषधं, लसूण, क्लीनर कोळंबी, यांनी इच जात नाही, यूव्ही दिव्याने संख्या कमी होते पण संपत नाही.

दोन फुटी साधा टँक पुरतो. ६० बाय ३० सेंटिमीटर, पाणी ३४ सेंटिमीटर भरलंत तर गुणाकार करून हजाराने भागा, साधारण ६१ लिटर. हा आकडा टँकवर मार्करने लिहा, कारण सगळे डोस लिटरवर आहेत आणि अंदाजपंचे टाकून मासे मरतात. आत वाळू नाही, दगड नाही. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो, दोन-दोन इंची, रविवार पेठेत बोहरी आळीत गेलात तर एल्बो, टब, झाकणं सगळं एका फेरीत मिळतं. एक स्पंज फिल्टर कायम डिस्प्लेच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) पडू द्या म्हणजे त्यात बॅक्टेरिया तयार असतात, गरज पडली की उचलायचा आणि इकडे लावायचा. पण लक्षात ठेवा, आजारी टँकमधला स्पंज म्हणजे सोबत परजीवीही आले, आजारी मासेच ठेवायचे असतील तर चालतं, नव्या माशांसाठी नाही. हीटर लावाच, डिसेंबरात पुण्यात रात्री पाणी झपकन उतरतं. एअर पंप बॅटरीवर चालणारा ठेवा, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि आजारी माशाला अर्धा तास हवा नसणंही पुरतं. अमोनिया रोज मोजा, वाढला की पाणी बदला. हा टँक डिस्प्लेपासून तीन मीटर तरी लांब ठेवा, बुडबुडे फुटून उडणाऱ्या तुषारांतून वेल्वेट तेवढा जाऊ शकतो, आणि जाळी, नळी, टॉवेल सगळं वेगळं.

एका माशावर ठिपके असले तरी सगळे मासे बाहेर काढायचे. बाकीचे चांगले दिसतायत म्हणून आत ठेवले तर पुढचं सगळं फुकट.

पायरी चौथी: औषध

इच आणि वेल्वेटसाठी कॉपर. बाजारात दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचे डोस वेगळे आहेत, ही गल्लत जीवघेणी. कॉपर पॉवरसारखं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधलेलं, असेल तर २ ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), क्युप्रामाइन असेल तर ०.५ पीपीएम. क्युप्रामाइनचा डोस चिलेटेडवाल्याने घेतला तर इच मजेत राहतो, उलटं केलं तर मासे मरतात. टेस्ट किट नसेल तर कॉपर सुरूच करू नका, अगदी कळकळीने सांगतोय. मी हॅना कंपनीचं कॉपर मोजायचं हाय रेंज चेकर वापरतो, रंग डोळ्याने जुळवायच्या किटमध्ये चिलेटेड कॉपर नीट कळत नाही.

शेतीच्या दुकानात मोरचूद स्वस्त मिळतो, तोही कॉपरच ना, असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. हो, कॉपर सल्फेटच, पण द्राक्षबागेवर फवारायचा. त्याची शुद्धता माशासाठी नसते, आणि मोकळ्या कॉपरचा कामाचा पट्टा ०.१५ ते ०.२ पीपीएम एवढा अरुंद की खाऱ्या पाण्यात तो रोज घसरतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोजत बसावं लागतं. नको.

डोस दोन-तीन दिवसांत चढवत न्या, वेल्वेट असेल तर बुडी देऊन थोडं घाईने. पूर्ण पातळीला पोचल्यापासून तीस दिवस मोजायचे, मध्ये एक दिवस पातळी खाली गेली तर पुन्हा एकपासून. पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळा. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र नुसतं आरओ, कॉपर नाही, कारण पाणी उडतं, कॉपर तिथेच राहतं. एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या टँकमधून रोज लिटर-दीड लिटर उडतं, दोन दिवस विसरलात तर कॉपर आणि खारटपणा दोन्ही वर. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा. आणि अमोनियावर उतारा म्हणून क्लोरीन मारायचं प्राइमसारखं औषध क्युप्रामाइनबरोबर टाकू नका, कॉपर एकदम विषारी होतं. रॅस, ड्वार्फ एंजल, पफर, लायनफिश, मँडरिन यांना कॉपर जड जातं, हळू जा. शार्क, रे यांना अजिबात नाही.

कॉपर नको असेल आणि इच आहे याची खात्री असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे खारटपणा उतरवणं: दोन दिवसांत विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून १.००९ वर आणायचं आणि तीस दिवस तिथेच, १.०११ चालत नाही. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ) द्रावणाने जुळवा. पीएच घसरतो, थोडा सोडा लागतो. परत चढवताना मात्र आठवडाभर घ्या, उतरणं माशाला सोपं जातं, चढणं नाही. दुसरा रस्ता टब बदलण्याचा, औषधच नाही: दर ७२ तासांच्या आत मासा नव्या टबात, नवं पाणी, नवं सामान, असं चार वेळा. परजीवी गळून कवचात बसतो आणि पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. सुटलेला टब, पाइप, हीटर धुवून उन्हात कडकडीत वाळवायचा, पुण्याच्या मे महिन्यात हे तासाभराचं काम, जुलैमध्ये मात्र दमट राहतं तेव्हा तीन सेट ठेवा. हे फक्त इचसाठी, वेल्वेटला दोन्ही रस्ते लागू नाहीत.

मेडिकलमध्ये मलेरियाची क्लोरोक्वीन फॉस्फेट मिळते, तीही इच आणि वेल्वेट दोन्हींवर चालते, लिटरला १० ते १५ मिलिग्रॅम, पण ती चिठ्ठीचं औषध आहे, घरी मोजता येत नाही, रॅसना सोसत नाही, आणि नावात हायड्रॉक्सी असलेली गोळी वेगळी, ती नको. मी कॉपरच पसंत करतो, मोजता तरी येतं.

ब्रुकलिनेलाला फॉर्मलिन. ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन, दहा लिटर टँकच्या पाण्याला दीड मिलिलिटर, जोरदार हवा, पंचेचाळीस मिनिटं ते तासभर, मासा डोळ्यासमोर. धाप लागली तर लगेच बाहेर. नंतर तो नव्या स्वच्छ टबात, जुन्यात नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा. हे कॅन्सरला कारण ठरणारं रसायन आहे, हातमोजे घाला, गॅलरीत करा, लहान मुलं आणि मांजर लांब, बाटलीत तळाला पांढरा साका बसला असेल तर ती बाटली वापरूच नका. एका वेळी दुसरं कुठलंही औषध सोबत नको.

फ्लूक आणि ब्लॅक इचला प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० लिटरला १५० मिलिग्रॅम. पाण्यात नीट विरघळत नाही, छोट्या बाटलीत कोमट टँकचं पाणी घेऊन खूप हलवा मग ओता. स्किमर बंद, हवा जास्त, कारण बॅक्टेरिया वाढून पाणी गढूळ होतं आणि ऑक्सिजन ओढला जातो. कृमी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून पाच ते सात दिवसांनी पाणी बदलून दुसरा डोस द्यायचाच. दुसरा डोस न दिल्यामुळे 'औषध बोगस होतं' म्हणणारे खूप भेटलेत.

पायरी पाचवी: रिकामा डिस्प्ले

मासे बाहेर, कोरल आणि कोळंबी आत, एकही मासा नाही, लपलेला गोबीसुद्धा नाही. इचसाठी ७६ दिवस, वेल्वेटसाठी सहा आठवडे. कॅलेंडरवर तारीख लिहा. स्किमर, लाईट, पाणी बदलणं सगळं चालू, कोळंबीला थोडं खाणं टाकत राहा म्हणजे फिल्टरचे बॅक्टेरिया उपाशी राहत नाहीत. या काळात नवीन कोरल किंवा गोगलगाय आणलीत तर दिवस पहिल्यापासून, कारण शिंपल्यावर कवच चिकटून येतं. मुलं विचारतात टँकमध्ये मासे कधी येणार, घरचे म्हणतात वीजबिल कशाला भरतोस रिकाम्या टाकीचं, आणि पन्नासाव्या दिवशी माणूस हार मानून मासे सोडतो. माझ्या ओळखीत दोघांनी असं केलं आणि दोघांना पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

पायरी सहावी: परत सोडताना

तीस दिवसांचं कॉपर संपलं की कार्बन लावून आणि पाणी बदलून ते शून्यावर आणा, मग दोन आठवडे नुसतंच बघा, औषध नाही. श्वास पुन्हा मोजा, वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. या दोन आठवड्यांत प्राझिक्वांटेलचे दोन डोस उरकून घेता येतात. मग डिस्प्लेचे रिकामे दिवसही भरले की एकेक मासा हाताने किंवा कपाने उचलून डिस्प्लेत, वेगळ्या टँकचं पाणी एक थेंबही तिकडे न जाता. सगळ्यात दादागिरी करणारा मासा सगळ्यात शेवटी सोडा, इतके दिवस लांब राहिल्यावर आधी आलेल्याला वाटतं घर आपलंच. आणि वेगळा टँक मोडू नका, स्पंज परत सम्पमध्ये टाका, पुढच्या वेळी दुकानातून मासा आणाल तो आधी तिथेच जायचाय.